पवनचक्कीच्या मुख्य शाफ्टवरचा टॉर्क आणि यांत्रिक भार कसे मोजावेत : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पवनचक्की किती वीज देते हे कंट्रोलरच्या पडद्यावर दिसतेच, मग शाफ्टवरचा टॉर्क (पिळणारा जोर) वेगळा मोजायचा कशासाठी, असा प्रश्न या कामात नव्याने आलेले बहुतेक अभियंते विचारतात. पडद्यावर दिसते ती बहुधा दहा मिनिटांची सरासरी असते, आणि गिअरबॉक्सचे दात सरासरीने तुटत नाहीत. ते थकतात टॉर्कच्या चढउतारांनी. वाऱ्याचा झोत आला, पाते टॉवरसमोरून गेले, जनरेटर विजेच्या ग्रिडला जोडला गेला किंवा आणीबाणीचा थांबा लागला, की शाफ्ट प्रत्येक वेळी पिळला जातो आणि सैल होतो. आणीबाणीच्या थांब्यात तर टॉर्क काही क्षण उलट दिशेला जाऊन परत येतो. हे सगळे दहा मिनिटांच्या सरासरीत बुडून जाते. म्हणून शाफ्टवर, पात्यांच्या मुळाशी आणि टॉवरवर स्ट्रेन गेज (धातू ताणला की विद्युत रोध बदलणाऱ्या बारीक पट्ट्या) लावून भार थेट मोजावे लागतात.

या मोजणीचा आंतरराष्ट्रीय मापदंड म्हणजे आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोग) ६१४००-१३. तो २००१ मध्ये तांत्रिक विनिर्देश म्हणून आला आणि २०१५ मध्ये पूर्ण मापदंड झाला. भारतात चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था हे काम करते आणि तिचे चाचणी केंद्र तमिळनाडूत कयथार येथे आहे. पुढे जे लिहिले आहे ते मापदंडाला पर्याय नाही. मापदंड वाचूनही प्रत्यक्ष नॅसेलमध्ये (टॉवरच्या माथ्यावरच्या यंत्राच्या खोलीत) उभे राहिल्यावर जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे क्रमाने दिली आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी. गेज टॉर्क मोजत नाही, ते धातूच्या पृष्ठभागाचा स्ट्रेन (ताणाने होणारा लांबीतील बदल) मोजते. स्ट्रेनपासून टॉर्कपर्यंतचा पूल तुम्ही बांधता, आणि तो दोन स्वतंत्र मार्गांनी तपासल्याशिवाय हाती आलेल्या आकड्याला निव्वळ मिलिव्होल्टच समजावे.

१. आधी ऋतू पाहा

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे या पठारांवर खरा वारा जून ते सप्टेंबर या काळात असतो, आणि त्याच काळात पाऊस आणि दाट धुकेही असते. भाराच्या नोंदी याच महिन्यांत मिळतात, पण गेज लावण्याचे काम या महिन्यांत होऊ शकत नाही, कारण ओलसर शाफ्टवर गेज नीट चिकटत नाही आणि जोराच्या वाऱ्यात रोटर (पात्यांसह फिरणारा भाग) लॉक करता येत नाही. त्यामुळे गेज लावणे आणि पहिले कॅलिब्रेशन (सिग्नल आणि भार यांचे नाते ठरवणे) नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावे, उन्हाळ्यात सगळी यंत्रणा चालवून दोष शोधावेत, आणि मान्सूनचे पहिले वारे येण्यापूर्वी दुसरे कॅलिब्रेशन करावे. मे महिन्याच्या अखेरीस काम सुरू करण्याचा आग्रह मालकाकडून होतो. तो मान्य केला तर वाऱ्याचा अख्खा हंगाम हातचा जातो.

२. कागदपत्रे आणि माहिती

कागदपत्रे दोन प्रकारची असतात, आणि परवानग्यांकडे सगळे लक्ष जाऊन दुसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष होते. परवानग्यांमध्ये पुढील गोष्टी लागतात.

- पवनचक्कीच्या मालकाचे आणि देखभाल करणाऱ्या कंपनीचे लेखी संमतिपत्र. त्यात शाफ्टवरचा रंग कोठे आणि किती काढणार हे स्पष्ट लिहिलेले असावे, नाहीतर वॉरंटीचा वाद उभा राहतो.
- उंचीवरील कामाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला आणि अपघात विमा.
- प्रत्येक दिवसाचा वर्क परमिट.
- डेटा लॉगर, वाऱ्याची उपकरणे आणि शंट रेझिस्टर (तपासणीसाठी गेजला समांतर जोडायचा ज्ञात रोध) यांची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे.

दुसरा प्रकार म्हणजे यंत्राची माहिती. मुख्य शाफ्टचे रेखाचित्र, बाहेरचा आणि आतला व्यास, शाफ्टचे साहित्य, एका पात्याचे वजन आणि गुरुत्वमध्य, रोटर आणि नॅसेलचे वजन व गुरुत्वमध्य, गिअरबॉक्स आणि जनरेटर यांची वेगवेगळ्या भारांवरची कार्यक्षमता, हे सगळे लेखी मागून घ्यावे. ही माहिती उशिरा मिळते, म्हणून पहिल्या पत्रातच मागावी.

साहित्य हा शब्द वाचून पुढे जाऊ नये. बरेच जण शाफ्ट म्हणजे पोलाद असे गृहीत धरतात, पण काही पवनचक्क्यांचे मुख्य शाफ्ट ओतीव लोखंडाचे असतात. पोलादाचा शिअर मॉड्युलस (पिळाला होणाऱ्या विरोधाचे माप) सुमारे ८० गिगापास्कल असतो, तर गोलाकार ग्रॅफाइटच्या ओतीव लोखंडाचा सुमारे ६६. शाफ्ट ओतीव आणि हिशोब पोलादाचा, असे झाले तर टॉर्क सुमारे एक-पंचमांशाने जास्त दिसतो आणि आलेख पाहून काहीही संशय येत नाही.

३. वर चढण्यापूर्वी

मुख्य शाफ्टवर हात ठेवण्यापूर्वी रोटर लॉक पिन बसलेली असलीच पाहिजे. नुसता ब्रेक पुरेसा नाही, कारण तो बहुधा गिअरबॉक्सच्या पलीकडे वेगवान शाफ्टवर असतो आणि गिअरबॉक्समधील सैलपणामुळे मुख्य शाफ्ट ब्रेक लावलेला असतानाही थोडा मागेपुढे होऊ शकतो. कोणत्या वाऱ्यापर्यंत लॉक पिन वापरायची याची मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती मर्यादा चढण्यापूर्वीच पाहावी आणि वर असताना वारा वाढू लागला तर गेज अर्धवट सोडून उतरावे. कंट्रोलर स्थानिक नियंत्रणावर ठेवून त्याला कुलूप व नावाची पट्टी लावावी, म्हणजे दूरच्या नियंत्रण कक्षातून कोणी चुकून यंत्र सुरू करणार नाही. विजांचा गडगडाट ऐकू आला तर चढू नये.

४. गेजची जागा ठरवणे

टॉर्कसाठी मुख्य बेअरिंग आणि गिअरबॉक्स यांच्यामधील शाफ्टचा सरळ, एकसारख्या व्यासाचा भाग शोधावा. बेअरिंगचा खांदा, गिअरबॉक्सला जोडणारी श्रिंक डिस्क किंवा व्यास बदलतो ती जागा, यांपासून शक्यतो एका व्यासाइतके दूर राहावे, कारण या ठिकाणी स्ट्रेन एकसारखा पसरत नाही. प्रत्यक्षात नॅसेलमध्ये एवढी जागा मिळेलच असे नाही. पठारावरच्या जुन्या ३५० किलोवॅटच्या यंत्रांत तर हात आत घालायलाही अडचण होते. जागा कमी असेल तर किती अंतर मिळाले ते मोजून नोंदवहीत लिहावे आणि गणिती कॅलिब्रेशनवर (पायरी ८) कमी भरवसा ठेवावा.

शाफ्टचे बेंडिंग (वाकणे) मोजणारे गेज मात्र मुख्य बेअरिंगच्या जवळ घ्यावेत, कारण रोटरच्या वजनाचा मोमेंट (वाकवणारा परिणाम) तेथे मोठा असतो आणि गिअरबॉक्सकडे जाताना कमी होत जातो. टॉवरच्या तळाशी गेज लावताना दरवाजाच्या वर पुरेशा उंचीवर जावे, कारण दरवाजाच्या कापामुळे आजूबाजूचा स्ट्रेन विस्कळीत होतो.

५. गेज चिकटवणे

हे काम संथपणे करावे. पुढच्या सगळ्या महिन्यांची गुणवत्ता याच तासाभरात ठरते.

रंग पूर्ण काढून धातू उघडा करावा. आधी जाड आणि मग ३२०-४०० नंबरचा पॉलिश पेपर वापरावा. ग्राइंडरची चकती शाफ्टला लावू नये, कारण तिने पडलेला ओरखडा पुढे भेगेची सुरुवात होऊ शकतो. शाफ्टच्या अक्षाची रेघ आधी आखून घ्यावी आणि तिच्याशी ४५ अंशांच्या रेघा गेजच्या जागेबाहेर आखाव्यात. अणकुचीदार सुई वापरू नये, बोथट टोकाने किंवा कठीण पेन्सिलीने आखावे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या गॉजने एकाच दिशेने पुसावे आणि प्रत्येक पुसण्याला नवा गॉज घ्यावा. पुढेमागे पुसले तर काढलेला मळ परत तेथेच बसतो. गॉज स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नये.

काही आठवड्यांच्या मोजणीला सायनोअॅक्रिलेट चालते. मान्सूनभर टिकवायचे असेल तर दोन भागांचे इपॉक्सी वापरावे आणि ते पूर्ण सुकेपर्यंत एकसारखा दाब राहील अशी पट्टी बांधावी. सकाळी नॅसेलमधला शाफ्ट हवेपेक्षा थंड असतो आणि त्यावर दव धरते, त्यामुळे डोळ्यांना कोरडा दिसला तरी उबदार हवेच्या झोताने तो गरम करूनच गेज लावावे. नंतर गेजवर, सोल्डरच्या टाक्यांवर आणि वायरच्या पहिल्या काही सेंटिमीटरवर संरक्षक लेप द्यावा आणि लेपाची कडा गेजच्या बरीच पुढे न्यावी. ओल बहुधा वायरच्या बाजूने आत शिरते.

६. ब्रिज जोडणे आणि लगेच तपासणे

टॉर्कसाठी ४५ अंशांत दोन-दोन ग्रिड (स्ट्रेन मोजणाऱ्या तारांच्या जाळ्या) असलेले दोन गेज शाफ्टच्या परस्परविरुद्ध बाजूंना, बरोबर १८० अंशांवर लावून त्यांचा पूर्ण व्हीटस्टन ब्रिज (चार रोधांचे चौकोनी मंडल) करावा. अशा मांडणीत बेंडिंग, अक्षीय भार आणि तापमान यांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात. गेज दोन-तीन अंशांनी वाकडे लागले किंवा १८० अंशांचे अंतर चुकले, तर बेंडिंगचा अंश टॉर्कमध्ये शिरतो.

नॅसेलमधून उतरण्यापूर्वी साध्या मल्टिमीटरने तपासणी करावी. ३५० ओहमच्या चार ग्रिडच्या ब्रिजमध्ये समोरासमोरच्या टोकांमध्ये ३५० ओहम यायला हवेत आणि लगतच्या टोकांमध्ये सुमारे २६२.५. लगतच्या चारही मोजण्या सारख्या आल्या नाहीत, तर एखादा टाका कच्चा आहे किंवा वायर अदलाबदल झाली आहे. गेज आणि शाफ्ट यांच्यामधील इन्सुलेशन किमान १००० मेगाओहम असावे. ही मोजणी कमी व्होल्टेजच्या, ५० व्होल्टपर्यंतच्या टेस्टरनेच करावी. साइटवर सहज मिळणारा ५०० व्होल्टचा मेगर गेजला लावू नये, तो गेजचा चिकट थरच भेदू शकतो.

७. फिरत्या शाफ्टवरून सिग्नल आणणे

यासाठी शाफ्टवर बांधलेला टेलिमेट्री (बिनतारी सिग्नल पाठवणारा) ट्रान्समीटर किंवा स्लिप रिंग वापरतात. ट्रान्समीटरची बॅटरी काही दिवसांत संपते, म्हणून दीर्घ मोजणीला प्रवर्तनाने वीज पुरवणारी यंत्रणा घ्यावी. शील्ड (वायरवरचे धातूचे आवरण) एकाच टोकाला अर्थ करावी आणि अँप्लिफायर ब्रिजजवळच ठेवावा, कारण जनरेटरच्या कन्व्हर्टरचा विद्युत गोंगाट लांब वायरमधून सहज आत येतो.

वेळेच्या जुळणीकडे फार कमी लोक लक्ष देतात. शाफ्टचे बेंडिंग फिरत्या चौकटीत मोजले जाते आणि रोटरचा कोन वापरून ते स्थिर चौकटीतील वर-खाली आणि डावे-उजवे अशा मोमेंटमध्ये बदलले जाते. रोटर मिनिटाला १६ फेरे घेत असेल तर तो सेकंदाला ९६ अंश फिरतो. टेलिमेट्रीत १०० मिलिसेकंदांचा उशीर असेल तर कोनात जवळपास १० अंशांची चूक होते, आणि रोटरच्या वजनाच्या मोमेंटचा सहावा हिस्सा डाव्या-उजव्या मोमेंटमध्ये जाऊन बसतो. वारा सरळ येत असूनही यंत्राला एका बाजूने सतत ढकलले जात असल्याचा भास होतो. म्हणून टेलिमेट्रीचा उशीर प्रत्यक्ष मोजून दुरुस्त करावा आणि सर्व लॉगर एकाच जीपीएस घड्याळाला बांधावेत. नमुने घेण्याचा वेग सेकंदाला ५० किंवा जास्त ठेवावा.

८. कॅलिब्रेशन

पहिला मार्ग गणिती आहे. एका २ मेगावॅटच्या यंत्राचे उदाहरण घेऊ. रोटरचा वेग मिनिटाला १६ फेरे आणि शाफ्टवरची यांत्रिक शक्ती २ मेगावॅट असेल, तर टॉर्क सुमारे ११.९ लाख न्यूटन-मीटर येतो. बाहेरचा व्यास ६०० मिमी आणि आतले भोक १०० मिमी असलेल्या पोलादी शाफ्टच्या पृष्ठभागावर त्यामुळे सुमारे २८ मेगापास्कलचा शिअर स्ट्रेस येतो आणि ४५ अंशांतील प्रत्येक ग्रिडला सुमारे १७६ मायक्रोस्ट्रेन (स्ट्रेनचे दशलक्षांश) मिळतो. गेज फॅक्टर (स्ट्रेनच्या किती पट रोध बदलतो) २ धरला तर पूर्ण ब्रिजचा सिग्नल दर व्होल्टमागे ०.३५ मिलिव्होल्ट होतो. सिग्नल एवढा लहान असतो, म्हणून आधीच्या पायऱ्यांवर इतका भर दिला आहे.

याच ब्रिजच्या एका भुजेला समांतर १०० किलोओहमचा शंट जोडला, तर सिग्नलमध्ये दर व्होल्टमागे सुमारे ०.८७ मिलिव्होल्टची पायरी दिसते, म्हणजे सुमारे २९.५ लाख न्यूटन-मीटर टॉर्क आल्यासारखे दिसते. शंट ब्रिजच्या टोकांवरच जोडावा, लांब वायरच्या दुसऱ्या टोकाला जोडू नये. शंटमुळे अँप्लिफायर आणि वायर बरोबर आहेत एवढेच सिद्ध होते. गेज शाफ्टला नीट चिकटले आहे का, हे तो सांगू शकत नाही.

म्हणून दुसरा मार्ग हवा, आणि टॉर्कसाठी तो विजेच्या निर्मितीतून मिळतो. यंत्र स्थिर चालत असतानाच्या अनेक मोजण्या घ्याव्यात. विद्युत शक्तीला कार्यक्षमतेने आणि रोटरच्या कोनीय वेगाने भागून टॉर्क काढावा आणि ब्रिजच्या सिग्नलसमोर मांडावा. सरळ रेषा मिळायला हवी. येथे क्षणिक मूल्ये वापरू नयेत, कारण रोटर वेग घेत असताना वाऱ्याची काही ऊर्जा त्याच्या फिरण्यात साठते आणि विजेत दिसत नाही. मिनिटभराची किंवा त्याहून मोठी सरासरी घ्यावी. शून्यासाठी मंद वाऱ्यात जनरेटर तोडलेला ठेवून रोटर मोकळा फिरू द्यावा आणि पूर्ण फेऱ्यांची सरासरी काढावी. लॉक केलेल्या रोटरवर शून्य घेऊ नये, कारण लॉकमध्ये टॉर्क अडकून राहिलेला असतो.

गणिती आणि विजेवरून काढलेला गुणांक (सिग्नलला टॉर्कमध्ये बदलणारा आकडा) यांत काही टक्क्यांचा फरक चालतो. दहा टक्क्यांचा फरक आला तर शाफ्टचे साहित्य, आतला व्यास, कार्यक्षमतेचे आकडे आणि गेजचा कोन या क्रमाने तपासावे. दोन्हींची सरासरी घेऊन पुढे जाण्याचा मोह टाळावा.

पात्यांचे कॅलिब्रेशन त्यांच्याच वजनाने होते. मंद वाऱ्यात रोटर हळू फिरत असताना आडव्या पात्याच्या मुळाशी येणारा मोमेंट हा त्या बिंदूपलीकडच्या वजनाचा आणि गुरुत्वमध्याच्या अंतराचा गुणाकार असतो. पाते कामाच्या कोनात असताना हा मोमेंट कडेच्या दिशेने येतो आणि ९० अंश वळवल्यावर पसरट दिशेने येतो. दोन्ही स्थितींत दोन्ही ब्रिज नोंदवावेत, म्हणजे एकाचा दुसऱ्यात शिरणारा अंशही कळतो. पाती न वळणाऱ्या जुन्या यंत्रांत पसरट दिशेसाठी लोड सेल लावून दोराने ओढावे लागते.

टॉवरसाठी नॅसेलची एक पूर्ण फेरी करावी. नॅसेल आणि रोटरचा गुरुत्वमध्य टॉवरच्या अक्षापुढे असल्यामुळे प्रत्येक ब्रिजवर साइन वक्र उमटतो. त्याच्या मध्यातून शून्य मिळते आणि उंचीतून गुणांक मिळतो. फेरीला दहा ते वीस मिनिटे लागतात. ती रात्रीच करावी, कारण दिवसा टॉवरची एक बाजू उन्हाने तापते आणि शून्य सरकते. सुरू करण्यापूर्वी आत लोंबणाऱ्या केबलला आधीच किती पीळ पडला आहे तेही पाहावे.

९. नोंदी गोळा करणे

वाऱ्याचा मस्तूल रोटरच्या व्यासाच्या दोन ते चार पट अंतरावर असावा. अडीच पट उत्तम. नोंदी दहा-दहा मिनिटांच्या संचांत घ्याव्यात आणि वाऱ्याचा वेग व टर्ब्युलन्स (वाऱ्यातील चढउतार) यांच्या कोष्टकात भराव्यात. सामान्य निर्मितीच्या चौकटी मान्सूनमध्ये आपोआप भरतात. सुरुवात, साधा थांबा, आणीबाणीचा थांबा आणि उभे यंत्र यांच्या नोंदी मात्र ठरवून घ्याव्या लागतात. त्यांचे वेळापत्रक देखभाल चमूशी आधीच ठरवावे.

पाऊस सुरू झाल्यावर दर आठवड्याला शून्य आणि शंटची पायरी तपासावी. शून्य हळूहळू एकाच दिशेने सरकू लागले तर बहुधा ओल शिरली आहे.

१०. थकव्याचा हिशोब

चढउतार मोजण्यासाठी रेनफ्लो पद्धत वापरतात. जपानमध्ये मात्सुइशी आणि एंडो यांनी ती १९६८ मध्ये मांडली. मोजलेल्या चढउतारांपासून एकच समतुल्य भार (तेवढाच थकवा देणारा एकसारखा भार) काढतात, आणि त्यात पोलादासाठी घातांक साधारण ४ व काचतंतूच्या पात्यांसाठी १० धरतात. या घातांकांमुळे कॅलिब्रेशनची चूक कितीतरी पट वाढते. गुणांक १० टक्क्यांनी जास्त असेल, तर शाफ्टचे नुकसान सुमारे ४६ टक्क्यांनी जास्त दिसते आणि पात्याचे अडीच पटींहून अधिक. अहवालात समतुल्य भारासोबत घातांक, कालावधी आणि आवर्तनांची संख्या न लिहिल्यास तो आकडा कोणालाही वापरता येत नाही.

११. काम संपल्यावर

मूळ नोंदी कोणताही फिल्टर न लावता जपून ठेवाव्यात आणि सर्व गुणांक त्यांच्या तारखांसह वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत, म्हणजे पुढे एखादा आकडा बदलला तर सगळे पुन्हा काढता येते. गेज, लेप आणि पट्ट्या काढून शाफ्टचा उघडा भाग स्वच्छ करावा, भिंगाने ओरखडे पाहावेत आणि उत्पादकाने सांगितलेलाच रंग द्यावा, कारण पठारावरच्या हवेत उघडे पोलाद एका पावसाळ्यात गंजते. त्या जागेची काम सुरू होण्यापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे मालकाच्या प्रतिनिधीच्या सहीसह देखभाल नोंदवहीला जोडावीत.